पंधरापैकी चौदा

चांगली बातमी आली की यादीबाई आधी तिच्या तळाला कुठे भोक आहे का ते बघायची. स्वभाव म्हणा, नाहीतर धंदा म्हणा. डॉक्टरांच्या कंपनीत ती अकरा वर्षं एकच काम करत होती. समोर बसलेल्या माणसाला पंधरा शब्द वाचून दाखवायचे, सेकंदाला एक, आणि वीस मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा मारून विचारायचं, "मघाचे शब्द सांगा बरं." सांगणारा सांगत असताना आपलं तोंड कोरं ठेवायचं. "छान" म्हणायचं नाही, मान हलवायची नाही. म्हातारी माणसं भलती बेरकी, परीक्षकाच्या भुवईवरून उत्तर काढतात. म्हणून तिचं नाव यादीबाई पडलं होतं. पाठीमागे तिला 'दगडाबाई' म्हणतात हेही तिला ठाऊक होतं, आणि त्यात तिला वाईट काही वाटत नसे.

डॉक्टरांनी वीस वर्षं मेंदूचे रोगी तपासले, मग प्रयोगशाळेत डोकं घातलं, आणि पन्नाशीला चालता दवाखाना बंद करून ही कंपनी काढली. वेड एकच, मेंदूचं म्हातारपण लांबवायचं. थांबवायचं असं ते कधी म्हणत नसत. "थांबवणारा मी कोण? जरा सावकाश ये म्हणतो, एवढंच," असं म्हणायचे आणि समोरच्याला पटायचं. माणूस गोड बोलणारा. यादीबाईला गोड बोलण्याची ॲलर्जी होती, पण अकरा वर्षांत तिला त्यांच्यात खोट सापडली नव्हती. सापडली नाही म्हणजे नसेलच असं काही नाही, हे ती स्वतःला अधूनमधून बजावत असे.

आता त्यांची कॅप्सूल माणसांवर तपासणं चालू होतं. अडुसष्ट जण, सगळे साठीच्या पुढचे, सगळे विसरायला लागलेले. निम्म्यांच्या कॅप्सूलमध्ये औषध, निम्म्यांच्या कॅप्सूलमध्ये नुसतं पीठ. कोणाला काय मिळतंय हे ना घेणाऱ्याला ठाऊक, ना डॉक्टरांना, ना यादीबाईला. त्या नोंदींचे लखोटे बाहेरच्या एका देखरेख समितीकडे बंद होते. दर तीन महिन्यांनी परीक्षा, दर वेळी नवी यादी. आणि एक नियम असा की, ज्याचा आकडा ओळीनं तीनदा घसरेल त्याला त्याच्याच भल्यासाठी प्रयोगातून वगळायचं आणि कॅप्सूल बंद करायची.

अडुसष्टांत एक यादीबाईची थोरली बहीण होती.

आईवडील लवकर गेले तेव्हा यादीबाई सात वर्षांची होती आणि ताई एकवीसची. ताईनं मास्तरकी धरली, लग्नाचं नाव काढलं नाही, आणि धाकटीला वाढवलं. शाळेत ताईचा दरारा असा की ती वर्गात पर्यवेक्षक म्हणून आली की पोरं बाहीतले कागद आपण होऊन टेबलावर आणून ठेवत. तीच ताई गेल्या वर्षापासून गॅसवर रिकामं भांडं चढवून खिडकीशी उभी राहायला लागली होती. पहिल्या परीक्षेत तिला नऊ शब्द आठवले. मग आठ. मग सहा. आणखी एकदा घसरली की बाहेर. नात्यातली असल्यामुळे ताईची परीक्षा यादीबाईच्या हाताखालची नवी परीक्षक घ्यायची. यादीबाई पलीकडच्या खोलीत बसून दाराच्या काचेवरची आपल्या बहिणीची सावली बघत राहायची.

आणि चौथ्या परीक्षेत ताईला चौदा मिळाले.

नवी परीक्षक धावतच आली. "बाई, चौदा! पंधरापैकी चौदा!" त्या दिवशी यादीबाईनं भोक वगैरे काही पाहिलं नाही. ती सरळ पाणी पिण्याच्या जागी गेली, दोन पेले पाणी प्यायली आणि भिंतीकडे तोंड करून हसली. औषध लागू पडलं होतं. तिची ताई तिला परत मिळणार होती.

ते सुख तीन दिवस टिकलं.

चौथ्या दिवशी माळीदादा परीक्षेला आले. माळीकामातून निवृत्त झालेले, हातांच्या भेगांत अजून माती, आणि मागच्या खेपेचा आकडा पाच. यादीबाईनं चौथी यादी वाचली, वीस मिनिटं गेली, तिनं विचारलं. माळीदादांनी डोळे मिटले, गुडघ्यांवर हात ठेवले आणि पाढा म्हणावा तसं सुरू केलं.

"पडदा, शिडी, लिंबू, घंटा, कात्री, नदी, टोपी, पातं, खिडकी, साबण, घोडा, दोरी, चमचा, ढग, बटण."

डोळे उघडून ते कौतुकाची वाट बघत राहिले. यादीबाईचं तोंड कोरंच होतं.

तिच्या धंद्यातली एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती. खरी आठवण रांगेनं येत नाही. माणूस आधी शेवटचे दोन-तीन शब्द घाईनं सांगून टाकतो, कारण ते अजून कानात असतात. मग सुरुवातीचे येतात. मधले बिचारे कुठेतरी अडकतात. म्हणून ती प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीनं बारीक आकडा घालत असे, कोणता शब्द कितवा आला त्याचा. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, नव्या परीक्षकेलाही ती सवय तिनंच लावली होती, आणि कॉम्प्युटरला त्याचं काही पडलं नव्हतं. त्याला फक्त बेरीज हवी असायची. माळीदादांच्या कागदावरचे आकडे एक ते पंधरा, सरळ ओळीत होते.

आणि त्याहून वाईट म्हणजे ते 'पातं'.

चौथ्या यादीत आठवा शब्द पातेलं होता. पण छापताना शेवटचं अक्षर गळलं आणि सगळ्या कागदांवर 'पाते' एवढंच उमटलं, म्हणजे बोलीत 'पातं'. हजारभर कागद फुकट कशाला घालवायचे म्हणून यादीबाई वाचताना 'पातेलं' असंच वाचायची, आणि नव्या परीक्षकेलाही तिनं पहिल्याच दिवशी तसं बजावलं होतं. डॉक्टरांना सांगायचं राहून गेलं होतं. म्हणजे चौथी यादी ज्यानं कानांनी ऐकली तो पातेलं म्हणणार. पातं म्हणणार कोण? ज्यानं ती छापील कागदावर वाचली तो.

माळीदादा गेल्यावर तिनं नव्या परीक्षकेनं या आठवड्यात घेतलेले सगळे कागद काढले. टायपिस्टबाई, चौदा, आठवा शब्द पातं. पोस्टातले काका, चौदा, पातं. मग तिनं हात आखडता घेतला. ताईचा कागद खाली होता. तो बघायचा नाही असं तिनं ठरवलं आणि लगेच बघितला.

एक ते पंधरा, जवळजवळ ओळीत. आठवा शब्द पातं.

यादीबाई तिथल्या तिथे बसली. राग आला की तिचे कान गरम होत, तसे झाले. चौथी यादी असायची डॉक्टरांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात. किल्ल्या दोनच, एक त्यांच्याकडे आणि एक हिच्याकडे. सोमवारी कंपनीत पैसे घालणारी मंडळी यायची होती. दोन आणि दोन चार करायला तिला कॉम्प्युटर लागत नव्हता. म्हातारी माणसं पढवली जात होती, आणि त्यांत तिच्या ताईलाही ओढलं होतं. माझ्याच बहिणीला पोपट केलं, तेही माझ्या नाकाखाली, या विचारानं तिला रडू येईल असं वाटलं. पण रागानं ते येऊ दिलं नाही.

बाहेर व्हरांड्यात डॉक्टरांचे मेहुणे भेटले. कंपनीचा व्यवहार ते बघत. विज्ञानातलं त्यांना एवढंच कळायचं की आलेखाची रेघ वर गेली पाहिजे.

"बाई, आलेख बघितलात का? काय उंच गेलाय!"

"वर गेलेलं सगळं चांगलंच असतं असं नाही," ती म्हणाली. "तापही वर जातो."

मेहुणे हसले. जरा जास्तच हसले, असं तिला वाटलं. मग तिनं त्यांच्यावरही नजर ठेवली. दिवसभर ती डोळ्यांत तेल घालून बसली. डॉक्टर दोनदा कपाटाशी गेले, एकदा चष्मा शोधायला आणि एकदा कशासाठी ते कळलं नाही. नव्या परीक्षकेनं दुपारी कोणाला तरी हळू आवाजात फोन केला. सफाईवाल्या मावशींनीसुद्धा कचऱ्याची टोपली उगाच दोनदा नेली. संध्याकाळपर्यंत यादीबाईच्या मनात कंपनीतला एकही माणूस निर्दोष उरला नाही. तिनं ठरवलं, उद्या सकाळी डॉक्टरांना तोंडावर विचारायचं, आणि आज ताईकडून नाव काढून घ्यायचं.

घरी ताई खुर्चीत बसून शर्टाला बटण लावत होती. शर्ट कोणाचा ते विचारण्यात अर्थ नव्हता.

"ताई, यादी तुला कोणी शिकवली?"

ताईनं सुई थांबवली. "कसली यादी?"

"पडदा, शिडी, लिंबू."

"घंटा, कात्री, नदी, टोपी," ताई म्हणाली, आणि जीभ चावली. मग तिनं मान वर केली. शाळेतल्या त्या पोरांसारखीच दिसली, बाहीतला कागद काढून टेबलावर ठेवणारी.

"डॉक्टरांनी ना? की त्या मेहुण्यानं? खरं सांग, मी तुला रागावणार नाही."

"त्यांचा काय संबंध? तुझ्याच पिशवीतून घेतली."

यादीबाईला क्षणभर काही कळलंच नाही. मग सगळं एकदम कळलं. कागदांवर पेन्सिलीचे आकडे पक्के करायला, पुढच्या याद्यांच्या न भरलेल्या कागदांवर क्रमांक घालायला ती ते घरी आणत असे. नियमात ते बसत नव्हतं. पण नियम चोरांसाठी असतात, आपल्यासारख्यांसाठी नाहीत, असं तिचं मत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. दिवसभर साऱ्या जगावर पहारा ठेवला, आणि पिशवी मात्र इथे दाराच्या खुंटीला उघडी.

"आणि माळीदादा? टायपिस्टबाई?"

"गुरुवारी गोळ्या घ्यायला आलो की आम्ही बाकावर बसतो ना, तिथे शिकवलं. माळीदादाला काढून टाकणार होते गं, आणखी एकदा घसरला असता तर. तो म्हणाला, ही गोळी गेली तर माझं सगळंच जाईल." ताईच्या आवाजात जुनी धार आली. "आयुष्यभर मी कॉपी पकडली. कॉपी कशी करतात ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक? मी सगळ्यांना बजावलं होतं, ओळीनं म्हणू नका, मागंपुढं करा, मधे एखादं विसरल्यासारखं करा. माळीदादा ऐकतो कुठे! आणि मला तरी कुठे जमलं."

"तू पाठ कशी केलीस?" हे यादीबाईला खरंच कळत नव्हतं.

"सकाळी वाचायची. दुपारपर्यंत जायची. परत वाचायची. दीड महिना." ताई शर्टाकडे बघत म्हणाली. "मागच्या वेळी माझा आकडा ऐकून तू न्हाणीघरात नळ सोडून रडलीस. मला विसरायला होतं छोटे, बहिरी नाही झाले मी अजून."

यादीबाई तिच्या पायाशी जमिनीवर बसली. तिला ताईला मारावंसं वाटलं आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवावंसंही वाटलं. यांपैकी काहीच न करता तिनं कामाचं विचारलं. "कोणाकोणाला दिलीस? नावं सांग. तेवढे कागद बाजूला काढले की बाकीचं वाचेल."

ताईनं बोटं मोजायला घेतली. माळीदादा. टायपिस्ट. मग बोट हवेतच राहिलं. ती बराच वेळ विचार करत राहिली, आणि तिचा चेहरा हळूहळू घाबरत गेला.

"ते नाही आठवत," ती म्हणाली.

म्हणजे अडुसष्टांपैकी कोणीही असू शकत होता. जे ओळीनं बोलले किंवा पातं म्हणाले ते सापडले असते. ज्यांनी ताईचं ऐकून मागंपुढं केलं, आणि पातं गाळलं किंवा परीक्षेत ऐकून त्याचं पातेलं केलं, ते सापडले नसते. पाच वर्षांचं काम पंधरा शब्दांनी नासलं होतं, आणि त्यात कोणी बदमाश नव्हतंच. असता तर यादीबाईला बरं वाटलं असतं.

"आता तू घे माझी," ताई म्हणाली. "खरी घे. नव्या शब्दांची."

"नको."

"घे म्हणते ना!"

थोरलीनं हुकूम सोडला की धाकटीचे पाय आजही आपोआप हलत. तिनं डोक्यातल्या डोक्यात पंधरा शब्द जुळवले आणि सेकंदाला एक असे म्हटले. वीस मिनिटं दोघींनी त्या शर्टाबद्दल बोलून काढली. मग तिनं विचारलं. ताईनं चार शब्द सांगितले. चौथा पुन्हा एकदा सांगितला, पाचवा म्हणून, आणि धाकटीच्या तोंडाकडे बघत राहिली. यादीबाईनं तोंड कोरं ठेवलं. अकरा वर्षांत तेवढं कठीण तिला कधी गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डॉक्टरांच्या खोलीत गेली. भिंतीवर त्यांच्याच मेंदूची दहा वर्षांची दहा चित्रं ओळीनं लावलेली होती. कॅप्सूल तपासायची तर आधी स्वतःवर, असा त्यांचा हट्ट. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. छापण्यातली चूक, पिशवी, बाक, ताई. काही लपवलं नाही. बोलताना ती त्यांच्या चेहऱ्यावर नेहमीप्रमाणे लबाडी शोधत होती, आणि तिच्या लक्षात आलं की आज आपण ती सापडावी म्हणून शोधतोय. त्यांनी म्हणावं, 'गप्प बसा, सोमवार होऊ दे. कॉम्प्युटरला क्रम कळत नाही.' एवढंच त्यांनी म्हटलं की ताईची कॅप्सूल चालू राहील. हा माणूस लबाड असायला हवा होता.

डॉक्टरांनी चष्मा काढला.

"मला दोन दिवसांपूर्वीच संशय आला होता, बाई. निम्मे पीठ खातायत आणि सगळेच सुधारतायत? पण मला तो संशय घ्यायचा नव्हता. तुम्ही घेतलात, बरं झालं."

"सोमवारी ते लोक येणार."

"येतील आणि जातील." त्यांनी फोन पुढे ओढला, समितीच्या अध्यक्षांना लावला आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. कागद घरी जात होते ही आपली चूक, असंही सांगितलं. यादीबाईचं नाव काढलं नाही, ताईचंही नाही. पलीकडून बरंच काही बोललं गेलं. "हो, आजपासून बंद," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

बंद, हा शब्द तिच्या कानात राहिला. अडुसष्ट जणांचं बंद. ताईचं बंद.

"पुन्हा सुरू करू," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता, पण हात टेबलावरची वही उघडत होते. "नव्या याद्या, नवे कागद. सहा महिने लागतील. जुन्यांपैकी ज्यांना घेता येईल त्यांना आधी घेऊ. पण या वेळी समिती सातच्या खाली कोणाला घेऊ देणार नाही. फार पुढे गेलेल्यांवर औषध चालत नाही, आणि उगाच आशा लावणं बरं नाही." त्यांनी वहीत एक ओळ आखली. "तुमच्या ताईपासूनच सुरुवात करू. त्यांची खरी परीक्षा घेतलीत म्हणालात ना? किती आले?"

यादीबाईचं तोंड कोरं होतं.

"सात," ती म्हणाली.

डॉक्टरांनी सात लिहिलं. लिहिताना त्यांनी तिच्याकडे वर बघितलंही नाही. तिच्यावर त्यांना कधीच संशय आला नव्हता.